शीर नसलेलं पान

बंगळुरूच्या लालबागेत सकाळी फिरायला गेलं की आरोकेरियाच्या उंच झाडाखाली कुणी ना कुणी आपल्या पोराला सांगत असतं, "ते बघ ख्रिसमस ट्री." पोर मान वर करून बघतं. झाड मूळचं न्यू कॅलेडोनियाचं, पण इतकी वर्षं इथं उभं आहे की त्याला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग करायला घेतली. १८०० साली वनस्पतींचा जाणकार प्रवासी फ्रान्सिस बुकॅनन इथं आला, तेव्हा वाटांच्या कडेने त्याला देखणे सुरू दिसले. फारसीतल्या 'सर्व'चे हे सुरू, तेही पाहुणेच. आमच्या कोकणात सुरू म्हणजे निराळंच झाड, ऑस्ट्रेलियाकडचं. दिवेआगरच्या बनात आम्ही त्याची हिरवी काडी पेरापाशी तोडायचो, तुकडा परत बसवायचो आणि विचारायचो, "सांग, कुठं तुटलीय?" ते झाड सूचिपर्णीही नाही, हे फार उशिरा कळलं.

मग सूचिपर्णींत आपलं म्हणावं असं कोण? एका वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीने वहीत दाबलेलं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. बोटभर, रुंद, चामड्यासारखं. मी मधली शीर शोधू लागले. शीरच नाही! देठापासून टोकापर्यंत नुसत्या बारीक समांतर रेघा. हे नागेया वालिचियाना, मल्याळममध्ये निरंपल्ली. द्वीपकल्पीय भारतातलं हे एकमेव देशी शंकुधारी झाड, आणि त्याला ना सुई, ना डोळ्यांत भरणारा शंकू. फुगीर देठावर एकटी गोल बी, बस. सूचिपर्णी हा शब्द इथं साफ आडवा पडतो.

ईशान्य भारतापासून न्यू गिनीपर्यंत याचे भाऊबंद आहेत. सह्याद्रीत मात्र ते दक्षिणेकडच्या सदाहरित रानांत तुरळक उरलंय. आपल्या महाराष्ट्रात तर नाहीच. रानं तुटली, मळे आले. त्यात नर आणि मादी झाडं सहसा वेगळी, म्हणजे एकच झाड कुंपण घालून जपलं तर बी धरणार कुठून? जोडीदारही वाऱ्याच्या टप्प्यात हवा.

मैत्रिणीच्या गच्चीत एका रोपवाटिकेतून आणलेलं वीतभर रोप आहे.

"नर की मादी?" मी विचारलं.

"आत्ता कुठलं कळतंय!" म्हणत तिने कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं.