उलाढाल आणि शिल्लक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानावर लेख लिहावा, हे काहींना दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे वाटेल. पण माझी धाकटी बहीण आदिलाबादला मराठी माध्यमात नववीत शिकते, आणि सुटीत घरी गेलो की तिची उदाहरणे सोडवून घेण्याचे काम माझ्याकडे असते. तिला पुढे विज्ञान शाखेला जायचे आहे. गेल्या दिवाळीत मात्र विस्थापन आणि वेग या धड्यापाशी ती अडली आणि म्हणाली, "दादा, मीही कॉमर्सच घेते." तेव्हा मला हा प्रश्न चार गुणांचा वाटेना.

अडचण गणिताची नव्हती, शब्दांची होती. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात तेलुगू. विस्थापनाला तेलुगूत 'स्थानभ्रंशम्' म्हणतात. मराठी कानाला ते एखाद्याची खुर्ची गेल्यासारखे वाटते! कानडीत तेच 'स्थानपल्लट' होते. आणि मराठीत विस्थापन म्हटले की धरणात गाव गेलेली माणसे आठवतात. 'वेग' हा शब्द तर आपण चालीसाठीही सर्रास वापरतो. पुस्तकात मात्र चालीला दिशा नसते, वेगाला असते.

मग मी माझ्या शाखेचीच भाषा काढली. दुकानात दिवसभरात ५०० रुपये आले आणि ४०० गेले, तर पैसा फिरला ९०० रुपयांचा, शिल्लक राहिली १०० ची. अंतर म्हणजे ही उलाढाल आणि विस्थापन म्हणजे शिल्लक. बाजारात जाऊन घरी परतलेल्या माणसाचे पाय दुखतात, पण त्याचे विस्थापन शून्य!

नकाशावर मात्र दोन खाती ठेवावी लागतात : एक पूर्व-पश्चिम, दुसरे उत्तर-दक्षिण. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात घालायची नाही. हे पटविण्यासाठी आम्ही आमचीच रेल्वे घेतली. आदिलाबादहून सिकंदराबादला जाणारी गाडी आधी किनवट, भोकर करीत मुदखेडला जाते. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर मुदखेड आमच्यापासून सुमारे ११० किलोमीटर पश्चिमेला आणि ५५ किलोमीटर दक्षिणेला. तिथपर्यंतचे विस्थापन हवे असेल तर पायथागोरसचा नियम लावावा. ते सुमारे १२३ किलोमीटर येते. पुढे निजामाबादमार्गे सिकंदराबादपर्यंत गाडी जवळजवळ ११० किलोमीटर पूर्वेला परतते आणि आणखी १९० किलोमीटर दक्षिणेला उतरते. आता खाती मिळवा. पश्चिमेचे पूर्वेने फिटले, शिल्लक शून्य. दक्षिणेची शिल्लक २४५. रूळ धावले सुमारे ४०० किलोमीटर, विस्थापन २४५ किलोमीटर, सरळ दक्षिणेला!

प्रवासाला १० तास धरले, तर सरासरी चाल ताशी ४० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी २४.५ किलोमीटर, दक्षिणेकडे. 'दक्षिणेकडे' हा शब्द गाळला तर उत्तर अपुरे. बहिणीने पुढची पाच उदाहरणे एकटीने सोडविली. एका उत्तरापुढे दिशा लिहायची राहिली होती, तीही तिलाच आठवली.

माझ्या वर्गातले कितीतरी हुशार सोबती दहावीनंतर विज्ञानाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांना हिशेब येत नव्हता असे नाही. मराठीत शिकलेले सारे एका सुटीत इंग्रजीत नव्याने ओळखावे लागणार, या धास्तीने ते थांबले. प्राध्यापक महोदयांना नम्र विनंती एवढीच की, पहिल्या महिन्यात फळ्यावर इंग्रजी शब्दाशेजारी मराठी आणि कानडी शब्दही लिहावा. खडू थोडा जास्त लागेल, पण मागच्या बाकावरचा विद्यार्थी वर्गात टिकेल.

माझ्या बहिणीने विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हे तिचे तिने ठरवावे. फक्त ते एखाद्या शब्दाला भिऊन ठरू नये.

— एक विद्यार्थी, बी. कॉम., द्वितीय वर्ष