नेम

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे तीन अर्थ एकाच घरात नांदतात : लक्ष्यावर धरलेला रोख, रोज पाळायचा नियम आणि खात्री. नेम धरतात, नेम मोडतो आणि कशाचाच नेम नसतो. बंदुकीविषयी लिहू लागलो की हे तिन्ही अर्थ मला एकदमच आठवतात.

कोल्हापूरला शिकारीचा इतिहास आहे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे अजून काचेच्या डोळ्यांनी पाहत उभी आहेत. दाजीपूरचे रान संस्थानी शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ मध्ये तेच गव्यांचे अभयारण्य झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि परवान्यांचे दिवस हळूहळू सरत गेले. माझे एक चुलत आजोबा त्या आधीच्या पिढीतले. लांबून बार टाकणाऱ्यांविषयी त्यांना आदर नव्हता. ते म्हणत, “लागंल का न्हाई हे बंदुकीला इचारू नगं. जखमी जनावराचा माग काढायची ताकद हाय का, ते पायास्नी इचार.”

या बोलण्यात बरेच गणित आहे. कंसाचे एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर, तीनशे मीटरवर नऊ. एवढ्या वर्तुळात गोळ्या टाकणारी रायफल आणि तिच्यावर बसवायची उत्तम दुर्बीण पैसे मोजून मिळते. परंतु तीनशे मीटर जायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते. वाटेतला वारा सगळीकडे सारखा नसतो. ही उणीव कोणतीही दुर्बीण भरून काढत नाही. अधिक दूरची दुर्बीण घेणे आणि अधिक जवळ जायला शिकणे, यांत मला दुसरे अधिक अवघड वाटते. पहिल्याचा अभिमान धरणारे मात्र पुष्कळ.

कोल्हापूरने नेम ठेवला आणि जनावर सोडले, असे म्हणता येईल. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले, ४५१.४ गुण. या रायफलीला दुर्बीण चालत नाही, आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे असते. कातडी जॅकेट, विशिष्ट दारूगोळा हा खर्च मध्यमवर्गीय घराला पेलत नाही, हेही खरे.

तरीही काही हरवले आहेच. रेंजवरच्या नेमबाजाला वारा झेंडीवरून कळतो. शिकाऱ्याला तो गवतावरून, पाखरांवरून कळे. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक ठेवली पण ते वाचन सोडले नाही. ‘सत्तांतर’ मधली वानरे त्या नजरेतून आली आहेत. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ती कादंबरी सत्तेचे रूपक म्हणूनच शिकवली जाते. असो.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी रायफल चालवते. गोळ्या महाग, म्हणून ती घरी रिकाम्या बंदुकीचा चाप ओढण्याचा सराव करते, समोर भिंतीवर काळा ठिपका. परवा तिने नोंदवही दाखवली : दिनांक, श्वास, चाप, आणि न झाडलेल्या गोळ्या. नेम धरून, मन साशंक झाले म्हणून बंदूक खाली घेतली, अशा वेळांची गणती त्या शेवटच्या रकान्यात होती. त्या दिवशी तिथे आकडा होता अकरा.