घरचं घरी ठेवून ये

शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत मुलांना सर्वांत जास्त वेळा कोणतं वाक्य ऐकवलं असेल, तर ते हे, "घरचं घरी ठेवून ये आणि मैदानावर मोकळ्या मनानं ये." वाक्य ऐकायला छान आहे. बक्षीस समारंभात टाळ्या मिळवणारं आहे. त्यातली चूक मात्र मला आठवीतल्या एका मुलीनं दाखवली. गोष्ट २००४ च्या पावसाळ्यातली आहे. मुलीचं नाव इथं देत नाही. खानापूर तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

ती मला मिळाली ती एसटीमागं धावताना. दप्तर पाठीवर, चपला हातात, आणि सुटलेली गाडी तिनं पुढच्या वळणाच्या आत गाठली. दुसऱ्या दिवशी मी तिला मैदानावर बोलावलं. आमचं मैदान लहान, फक्कीनं आखलेली फेरी दोनशे मीटरची. आठशे मीटरसाठी चार फेऱ्या. पहिल्याच दिवशी तिनं त्या अनवाणी २ मिनिटं ४१ सेकंदांत पूर्ण केल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी सहाला सराव घेतला. जून उजाडेपर्यंत ती २ मिनिटं ३४ सेकंदांवर आली. माझ्याकडे एक वही होती. तारीख, वेळ, फेरीचे आकडे, सगळं तिच्यात टिपलेलं. आज ती वही चाळते तेव्हा लक्षात येतं, की तिच्यात त्या मुलीचं घर, जेवण, झोप यांविषयी एक अक्षरही नाही. मला तिचे पाय तेवढे हवे होते.

जुलै लागला आणि आकडे बिघडले. २ मिनिटं ३८, मग ४२, मग ४५. उशिरा येऊ लागली. एकदा वर्गातल्या मुलीला तिनं मारलं. विचारलं तर म्हणाली, "पोटात दुखत होतं." मी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, "खोटं बोलू नकोस. पळायचं नसेल तर सरळ सांग. घरचं घरी ठेवून यायला कितीदा सांगायचं?" ती मान खाली घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायचीच बंद झाली.

पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी छत्री घेऊन तिच्या गावाकडे निघाले. खरं सांगायचं तर काळजीपोटी नव्हे, ऑगस्टमधल्या तालुका स्पर्धेपोटी. वाटेतच ती दिसली. अंगावर पोत्याची खोळ, आणि पाठीवर सात वर्षांचा भाऊ. त्याच्या पायांत जन्मापासून ताकद नव्हती. एरवी आई त्याला शाळेत पोहोचवी. पण भाताच्या लावणीचे दिवस आले, की आई पहाटे दुसऱ्याच्या शेतात चिखलात उतरणार. मग त्याला पाठुंगळी घेऊन दीड किलोमीटर नेणं आणि संध्याकाळी परत आणणं या मुलीकडे आलं होतं. वर्गातल्या त्या मुलीनं भावाच्या चालण्याची नक्कल केली होती, म्हणून तिनं हात उचलला होता. आई शेतातून आली आणि मला म्हणाली, "तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

ती सांगणार कशी? घरचं घरी ठेवून ये, असं मीच बजावलं होतं. आणि ते घर तर रोज तिच्या पाठीवर बसलेलं होतं.

परतताना एक गोष्ट मनाला फार लागली. ज्या पायांवर मी खूश होते, ते पाय तयार कुठं झाले होते? माझ्या मैदानावर तर ती चार महिन्यांची पाहुणी. चढाची ती वाट, ते ओझं, एसटीमागं धावणं, यांनी ते घडवले होते. जो भाग मी तिला बाहेर ठेवायला सांगत होते, त्याच्याच जिवावर मी शिट्टी फुंकत होते. आणि साधी शास्त्राची गोष्टही मी विसरले होते. भावाला वाहून नेल्याचे श्रम आणि सरावाचे श्रम यांत शरीर भेद करत नाही. दोन्ही एकाच खात्यावर मांडले जातात आणि तेवढी विश्रांती मिळाली नाही, की वेग उतरतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. पण माणूस एका चुकीतून निघतो तो दुसरीत पडायला. आता मला तिची दया येऊ लागली. उशीर झाला तरी चालेल, फेरी अर्धवट सोडली तरी चालेल. इतर मुलींना म्हणू लागले, "तिला काही बोलू नका गं, तिच्या घरचं तुम्हाला माहीत नाही." दहा-बारा दिवस असे गेले. एका संध्याकाळी तिनं तिसऱ्या फेरीत धावणं थांबवलं. मी म्हटलं, "राहू दे बाळ, बस जरा." तशी ती उसळली, "बाई, आता तुम्ही मला वरडत का न्हाई? मी काय आजारी हाय?"

त्या प्रश्नानं माझे डोळे उघडले. आधी मी तिला नुसते पाय केलं होतं, आता नुसती अडचण केली होती. दोन्ही वेळा तिच्यातला एक तुकडा घेऊन बाकीची मुलगी मी परत पाठवली होती. ती तापट होती, हट्टी होती, वेळ पडली तर सहज थाप मारत होती, सिनेमाची गाणी मोठ्यानं म्हणत होती, आणि तिला जिंकायला मनापासून आवडत होतं. हे सगळं मिळून ती होती.

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. सकाळचा सराव बंद, शाळा सुटल्यावर घ्यायचा. लावणी संपेपर्यंत रोजच्या फेऱ्या कमी. भाऊ सोबत येणार आणि पायरीवर बसून फेऱ्या मोजणार. एक फेरी झाली, की एक चिंचोका डबीत. पण ठरल्या वेळेनंतर आली तर त्या दिवशी सराव नाही, आणि मारामारी केली तर आठवडाभर नाही. ही अट तिनंच घालायला लावली. भाऊ असा पक्का निघाला, की बहिणीनं फेरी चुकवली तर चिंचोका टाकायचा नाही. ऑगस्टमध्ये ती २ मिनिटं ३३ सेकंदांवर आली आणि तालुक्यात पहिली आली.

आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व मला या संदर्भात नेहमी आठवतात. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. मुंबईत बी. आर. देवधरांकडे ते शिकायला गेले तेव्हा देवधरांनी त्यांना एकाच घराण्याच्या साच्यात बसवलं नाही. निरनिराळ्या गायकांकडचं चांगलं ते ऐकू दिलं, घेऊ दिलं. पुढं क्षयानं कुमारांचं एक फुफ्फुस निकामी झालं आणि देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं. त्या अंथरुणावर त्यांच्या कानांवर माळव्यातली लोकगीतं पडत राहिली. बरे होऊन ते गाऊ लागले ते उरलेल्या श्वासाचा हिशेब करून, छोट्या आणि झेपावणाऱ्या तानांत. शिकणारा जे घेऊन येतो ते पुसायचं नसतं, एवढं मला त्यातून कळतं. त्याची उणीवसुद्धा त्याच्याच घडणीत कामाला येते.

जिल्हा स्पर्धेत मात्र आम्ही हरलो. तिथली फेरी चारशे मीटरची. चार लहान फेऱ्यांची सवय झालेली माझी मुलगी मोठ्या मैदानावर पहिल्या फेरीत भलतीच वेगानं सुटली, १ मिनिट १२ सेकंद. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले. तिसरी आली आणि विभागीय स्पर्धेची संधी हुकली. चूक माझी होती. मोठ्या मैदानावर तिला एकदा तरी पळवून आणायला हवं होतं. परतीच्या गाडीत मी तसं सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाई, तुमचं बी चुकतं व्हय?" आणि हसली. माझ्यातला हा भाग तिनं किती सहज पदरात घेतला! स्वीकार दोन्ही बाजूंनी असतो, हे त्या दिवशी कळलं.

दहावीनंतर तिचं धावणं सुटलं. घरची गरज होती. मला वाईट वाटलं, पण "फुकट गेली मुलगी" असं कधी वाटलं नाही. पूर्वीच्या मला नक्की वाटलं असतं.

गेल्या वर्षी बेळगावला जाताना खानापुरात बसमध्ये चढले. गर्दीतून खणखणीत आवाज आला, "पुढं सरका, दारात थांबू नका!" खाकी पोशाखातली कंडक्टर माझ्यापुढं आली आणि थबकली. तीच! क्षणभर दोघींनाही बोलता येईना. भावानं गावात झेरॉक्सचं दुकान टाकलंय, हे तिनं घाईघाईत सांगितलं. मग मशीन सरसावत म्हणाली, "बाई, आधार कार्ड काढा."

शक्ती योजनेत जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. मी म्हटलं, "अगं, मला ओळखत नाहीस?"

"वळकते की! पण नियम तुम्हीच शिकवलासा. काढा कार्ड."

मी कार्ड काढलं. तिनं ते नीट पाहिलं, शून्य रुपयांचं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि शेजारच्या तरुणाला दम भरून मला बसायला जागा करून दिली.