आत्या, कॅमेरा आणि दुसरी बॅटरी

तर झालं असं, की २०२४ च्या जूनमध्ये मी एकदाचा कॅमेरा घेतला. चोवीस मेगापिक्सेल, मिररलेस, लेन्स बदलता येणारा वगैरे वगैरे. त्याआधी दोन महिने ऑफिसात बसून रिव्ह्यू वाचले होते. (काम? ते काय, होतच असतं.) कॅमेरा कुठला घ्यायचा यावर एवढा खल केला, पण त्याच्याबरोबर काय घ्यायचं यावर दहा मिनिटंसुद्धा विचार नाही. दुकानदार म्हणाला, "सर, कॉम्बो आहे. ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, बॅग, क्लीनिंग किट." 'किट' म्हटलं की आम्हा इंजिनिअर लोकांचं डोकं बंद पडतं. घेतला! "एक्स्ट्रा बॅटरी देऊ का?" असंही त्याने विचारलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. महाग वाटली. म्हटलं, एक आहे ना, बास झालं.

कॅमेऱ्याचं निमित्त होती आत्या. बाबांची मोठी बहीण. दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर देहू ते पंढरपूर पायी, डोक्यावर तुळस घेऊन. आमचं घर लोणी काळभोरला. पुण्यातला मुक्काम आटोपला की हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने आमच्याकडे मुक्कामाला येते. त्या वर्षी आत्या फोनवर म्हणाली, "गुडघे लई दुखायलेत रे. फुडच्या साली जमतंय का नाही, काय माहीत. चालताना एक चांगला फोटो काढ माझा."

एवढंच. रिक्वायरमेंट यापेक्षा स्पष्ट काय असते?

दुपारपासूनच रस्त्याच्या कडेला ठाण मांडलं. ट्रायपॉड उघडला. पाच मिनिटांत एक वारकरी बाबा हात जोडून म्हणाले, "माउली, तुमचे तीन पाय जरा आत घ्या." मिटला ट्रायपॉड, तो दिवसभर खांद्याला ओझं. मग टाळकरी, पखवाज, पताका, दिसेल ते टिपत सुटलो. मधे थोडा व्हिडिओ. प्रत्येक फोटो काढला की स्क्रीनवर बघायचा. मिररलेसमध्ये आपण नुसतं व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलो तरी बॅटरी खर्च होत असते, हे मला माहीत होतं. वाचलं होतं हो, दोन महिने!

संध्याकाळी भुरभुर पाऊस सुरू झाला आणि आत्याच्या दिंडीचा झेंडा दिसला. कॅमेरा उचलला, लाल दिवा लुकलुकला, आणि खेळ खल्लास. घाईघाईत फोन काढला, तर ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. शेवटी कसाबसा एक फोटो निघाला. अर्ध्या भागात कुणाची तरी छत्री, बाकी हललेलं. मधे तुळस आणि आत्याचा अर्धा चेहरा. तोवर ती पुढे गेलीसुद्धा.

त्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पायी वारी बंद केली.

तर मंडळी, कॅमेरा घ्यायला जाताना तो ज्या दिवसासाठी घेताय तो दिवस आधी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही कुठे उभे असाल? गर्दी, पाऊस, उजेड किती? यादी आपोआप तयार होते. माझी अशी झाली:

पहिली, दुसरी बॅटरी. माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत एका चार्जिंगला साडेतीनशेच्या आसपास फोटो लिहिलेत, वारीत तेवढे दुपारीच संपतात. हल्लीचे बरेच कॅमेरे यूएसबी-सीवर पॉवर बँकेनेही चार्ज होतात, ते घेतानाच विचारून घ्या.

दुसरं, कार्डं दोन. एकच १२८ जीबीचं घेण्यापेक्षा ६४ ची दोन बरी, म्हणजे एक बिघडलं तरी सगळा दिवस जात नाही. त्यावर व्ही३० लिहिलेलं असावं. म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी.

तिसरं, लेन्स हूड. तिरपा उजेड अडवतो, काही थेंब अडवतो, आणि गर्दीत धक्का लागला तर आधी तो खातो. यूव्ही फिल्टरची गरज फिल्मच्या काळात होती. डिजिटल सेन्सरपुढे तशी चाळणी आधीच बसवलेली असते. आता तो फक्त काच सांभाळायला, आणि स्वस्तातला असेल तर रात्रीच्या दिव्यांची भुतं फोटोत नाचतात.

चौथं, एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड आणि कोरडं मऊ फडकं. आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

ट्रायपॉड वाईट नाही. रात्रीचं शहर, तारे यांना तो हवाच. पण तो पुढच्या पगाराला घेतला तरी चालतो.

२०२५ च्या पालखीला आत्या आमच्याकडेच होती. रस्त्याकडेला खुर्चीवर बसून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटत होती. माझ्या खिशात दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. एका म्हाताऱ्या वारकरी बाईच्या पाया पडायला ती वाकली, तेव्हाचा फोटो फार सुंदर आलाय. मोठा प्रिंट काढून फ्रेम करून दिला.

तिने तो कौतुकाने बघितला, आणि कपाटात ठेवला. भिंतीवर अजून तो छत्रीवालाच आहे. विचारलं तर म्हणाली, "त्याच्यात मी चालायलेय."

असो. दुकानदाराने बॅटरीचं विचारलं, तर हो म्हणा.