बक्षिसाचा नरकासूर

गोव्यातली दिवाळी पाहायची असेल तर ती म्हापशासारख्या बेताच्या शहरात पाहावी, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारपासून पाहावी. चाळीसेक हजार वस्तीचं हे गाव एरवी शुक्रवारच्या बाजाराला तुडुंब भरतं, पण त्या दिवशी वार कुठलाही असो, बाजाराला शुक्रवारची कळा असते. कारिटांचे वाटे, फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, पिशव्या, आकाशकंदील आणि दोरीला टांगलेले कागदाच्या लगद्याचे मुखवटे. वटारलेले डोळे, बाहेर लोंबणारी लालभडक जीभ, ओठांवर वळलेले सुळे. बाजारातून बाहेर पडून खोर्लीकडे किंवा दत्तवाडीकडे चालू लागलं की दर तिठ्यावर एक नरकासूर उभा राहत असतो. कुणाला अजून डोकं नाही, कुणाच्या पोटातला पेंढा बाहेर दिसतोय, कुणाच्या दंडावर कागद चिकटवायचा राहिलाय. रात्री सगळं गाव रस्त्यावर येतं आणि एका नरकासुराकडून दुसऱ्याकडे हिंडत राहतं. उजाडण्याआधी पोटातले फटाके पेटतात, असुर जळतो, लोक घरी जाऊन अभ्यंगस्नान करतात, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, आणि मग फोव खातात: दुधातले, नारळाच्या रोसातले, दह्यातले. रस्त्यावर मोठा नरकासूर मेला, दारात छोटा. मराठी मुलखात कारीट सगळ्यांनाच ठाऊक आहे. रस्त्यावरचा असुर मात्र गोव्याचा आणि त्याला लागून असलेल्या सावंतवाडी, बांदा, कुडाळकडच्या पट्ट्याचा.

या रात्रीबद्दल दरवर्षी तोच वाद होतो. एक बाजू म्हणते, ही आमची परंपरा, तिला हात लावू नका. दुसरी म्हणते, परंपरा कसली, हा राक्षसाचा उदोउदो आहे; कृष्ण कोपऱ्यात आणि असुर वीस फुटांचा. तिसरी बाजू झोप न मिळालेल्यांची, ती कान बंद करून पहाटेची वाट पाहते. मला तिघांचंही थोडं पटतं आणि तिघांचंही निदान चुकलेलं वाटतं. या उत्सवात जे बिघडलं आहे ते असुरामुळे बिघडलेलं नाही, तो बांधण्यामुळे तर नाहीच. बिघडलं आहे ते स्पर्धेच्या मापामुळे.

आधी बांधण्याबद्दल. गोव्यातले बहुतेक सार्वजनिक उत्सव देवळाला बांधलेले आहेत, आणि देवळात कुणी काय करायचं हे ठरलेलं असतं. देवस्थानांचा कारभार आजही पोर्तुगीज काळातल्या, १९३३ च्या नियमावलीवर चालतो. महाजनकी बहुतेक ठिकाणी वंशाने येते. पालखीचा खांदा, दिवजांचा मान, जत्रेतली जागा, सगळ्याला घराण्याचा शिक्का असतो. नरकासुराला यातलं काही लागत नाही. त्याला महाजन नाहीत, भट नाही, गर्भागार नाही, आणि उजाडण्यापूर्वी जळणं एवढाच काय तो मुहूर्त. ज्याला बांबूची गाठ मारता येते तो त्याचा मानकरी. बार्देशात, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यात, या गोष्टीला जास्तच अर्थ आहे असं मी मानतो. हा जुन्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातला. सोळाव्या शतकात इथली देवळं पाडली गेली आणि अनेक गावांची दैवतं नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात गेली. देऊळ नसलेल्या तिठ्यावर उभा राहू शकणारा उत्सव अशा मुलखात रुजावा यात नवल नाही. अर्थात हे माझं अनुमान आहे, त्यावर इमला बांधायचा माझा विचार नाही. आजच्या डोळ्यांना दिसतं ते इतकंच, की बांबू उभा करायला, सुतळी आवळायला, पेंढा दाबून भरायला, खळ शिजवायला आणि कागदाचे थर चढवायला पोरं रात्री जागतात, आणि ज्याच्या हातात कसब असेल त्याचं बाकीचे ऐकतात, मग तो कुणाचाही मुलगा असो. वाड्यावाड्यांत जातीच्या रेषा नाहीत असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही; वाडा ही वस्तीच मुळी जातीने बसलेली. पण वाड्याच्या आत या कामापुरती तरी उतरंड वयाची आणि हुनराची असते.

शेजारच्या ख्रिस्ती वाड्यावरही हेच कसब आहे. एकतीस डिसेंबरला गोव्यात ठिकठिकाणी मुलं जुनी विजार आणि सदरा घेऊन त्यात पेंढा कोंबतात, डोक्याला टोपी घालतात, आणि सरत्या वर्षाचा हा म्हातारा रस्त्याकडेला बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागतात. मध्यरात्री तो पेटवून देतात. दोन धर्म, दोन सण, दोन महिन्यांचं अंतर, पण बाहुलं भरण्याची आणि ते जाळून मोकळं होण्याची हौस एकच. या म्हाताऱ्याला कुणी बक्षीस देत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो, पुढे लागेल.

आता उदोउदोचा आक्षेप. तो मला कलेच्या बाजूने अगदीच कच्चा वाटतो. आपल्या लोकनाट्यात असुराला नेहमीच जास्त जागा मिळालेली आहे. दशावतारातला संकासूर पाहा. काळा वेश, लाल जीभ, तो प्रेक्षकांशी त्यांच्याच बोलीत वाद घालतो, हसवतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. देव येतो, थोडं बोलतो, मारतो आणि जातो. म्हणून दशावतार पाहणारा कोकणातला माणूस संकासुराचा भक्त झाला असं अजून कुणी म्हटलेलं नाही. दुष्टाला रूप दिल्याशिवाय त्याचा वध दाखवता येत नाही, आणि रूप द्यायचं तर ते मन लावूनच दिलं जाणार. शिवाय नरकासुराची कथाही इतकी सरळ नाही. प्राग्ज्योतिषपूरचा हा राजा भूमीचा मुलगा. सोळा हजारांवर स्त्रिया त्याने कोंडून ठेवल्या, म्हणून कृष्ण आणि सत्यभामा चालून गेले. आणि कथेच्या प्रचलित पाठात हा दिवस लोकांनी मंगलस्नानाने साजरा करावा ही मागणी मरणाऱ्या असुराचीच आहे. लगेच मागोमाग येणाऱ्या पाडव्याला आपण दुसऱ्या एका असुराची, बळीची, पूजा करतो आणि त्याचं राज्य परत यावं अशी इच्छा धरतो. ज्या सणात एक असुर जाळला जातो आणि दुसऱ्याची वाट पाहिली जाते, त्या सणाला असुर मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. कृष्ण लहान असतो, खरं आहे. बऱ्याचदा तो वाड्यावरचाच एखादा पेंगुळलेला पोरगा असतो, मोरपीस कलंडलेलं. पण लहानाने मोठ्याला मारणं हाच तर कथेतला मुद्दा आहे!

आवाजाचा आक्षेप मात्र कच्चा नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करू नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालचा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं; सणांसाठी सवलत मिळते तीही वर्षातले मोजके दिवस आणि मध्यरात्रीपर्यंतच. नरकासुराची रात्र मात्र मध्यरात्रीनंतरच रंगात येते. आजारी माणसं, तान्ही मुलं, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून फोव करणाऱ्या बायका, यांनी ती सोसायची. तरी एक फरक इथे करायला हवा. नरकासूर पोरांनी बांधलेला असतो, आवाज भाड्याने आणलेला असतो. जमवलेल्या वर्गणीतला मोठा वाटा बांबू-कागदाला न जाता ध्वनियंत्रणेच्या भाड्याला जाऊ लागला, की त्या वाड्याचा उत्सव त्याच्या हातून गेला असं समजावं. ती भिंतीएवढी खोकी कुठल्याही लग्नाला, कुठल्याही प्रचारसभेला वाजतात. त्यांत नरकासुराचं असं काहीच नाही. परंपरेवर घाला आला म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की ती खोकी परंपरेत कधी आली.

ती स्पर्धेबरोबर आली, असं माझं म्हणणं आहे. स्पर्धा जे मोजते ते वाढतं, हे गोव्यात दुसऱ्या एका उदाहरणावरून स्वच्छ दिसतं. चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीच्या स्पर्धा होतात, आणि त्यांत रानफळं, मुळं, कंद किती प्रकारचे बांधले हे पाहतात. परीक्षक घरोघर जातात. त्याचा परिणाम असा झाला, की विसरत चाललेली फळं पुन्हा ओळखीची झाली, कुठलं झाड कुठल्या डोंगरात आहे हे म्हाताऱ्यांना विचारलं जाऊ लागलं. त्याच मापामुळे काही जण नावापुरता एक नग मिळवायला रान ओरबाडू लागले, ही तक्रारही त्याच स्पर्धेच्या पोटातली. माप तेच, त्याची दोन टोकं. नरकासुराच्या स्पर्धांत काय मोजलं जातं? उंची, रोषणाई, हालचाल आणि मंचासमोरचा देखावा. उंची मोजली की बांबूच्या जागी लोखंडाचा सांगाडा येतो, कारण बांबू एका मर्यादेपुढे पेलत नाही. असुर मंचासमोर आणायचा म्हटलं की तो मालवाहू गाडीवर चढवावा लागतो, वाटेतल्या विजेच्या तारा वाचवाव्या लागतात, आणि पहाटे आपल्या तिठ्यावर जळायचा तो निकालाची वाट पाहत मैदानात उभा राहतो. देखावा आला की संगीत आलंच. मोटरवर मान फिरवणारा, हात उगारणारा नरकासूर बनवणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे. वेल्डिंग आणि वायरिंग शिकणाऱ्या मुलाला इतकी उघडी कार्यशाळा दुसरीकडे मिळणार नाही. पण ज्या वाड्याकडे लोखंडाला आणि मोटरला पैसे नाहीत तो शर्यतीबाहेर पडतो, आणि पैसे देणारा पुढारी सापडला तर असुराच्या छातीपेक्षा मोठा फलक त्या पुढाऱ्याचा लागतो.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की बक्षिसं काढून घ्या आणि बघा, एक पोरगा फिरकणार नाही. हे खरं नाही. म्हापशाच्या आतल्या गल्ल्यांतून त्या रात्री चाललं, की कमरेएवढे, धड उभंही राहता न येणारे, वहीच्या कागदाचे नरकासूर दिसतात. बांधणारे सातआठ वर्षांचे. त्यांची नावं कुठल्याही यादीत नसतात. एकतीस डिसेंबरचा म्हातारा इतकी वर्षं बक्षिसाशिवायच बसतो आहे. हौस बक्षिसाने निर्माण होत नाही, तिला फक्त दिशा मिळते. म्हणूनच स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, आणि उत्सवावर बंदीची भाषा करणाऱ्यांशी तर माझं अजिबात जुळत नाही. बंदीने आवाज करणारे थांबत नाहीत, गल्लीतले सातआठ वर्षांचे थांबतात.

बदलायचं ते माप. परीक्षकांनी माटोळीसारखं वाड्यावर जावं, असुराला मंचावर बोलावू नये. तो जिथे जळायचा तिथेच पाहावा. उंचीला मर्यादा घालावी, बांबू-पेंढ्याच्या बांधणीला वेगळे गुण ठेवावेत, आणि मुखवटा बाजारातून आणलेला की वाड्यावर केलेला, हे विचारावं. ध्वनियंत्रणा दिसली की तो गट बाद. मुली या कामात अजून फारच कमी दिसतात, रात्री घराबाहेर राहण्याचं कारण त्यांच्या बाबतीत पुढे केलं जातं. काम दिवसा उजेडी वाड्यावर होऊ लागलं तर ती सबबही बरीच लंगडी पडेल. पैसे मात्र निकालाच्या रात्री हातात देऊ नयेत. नरकचतुर्दशीच्या सकाळी फोव खाऊन गाव सुस्तावलेलं असताना पालिकेचे कामगार रस्त्यावरची राख, खिळे आणि काळवंडलेल्या तारा उचलत असतात. त्यांनाही दिवाळी असते. ज्या गटाने आपला सांगाडा आणि आपली राख दुपारच्या आत स्वतः उचलली, त्याचंच बक्षीस मोकळं करावं.