शेवटचा आकडा

डहाणूच्या चिकूंची तारीफ करणारे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ येतात. पण गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली याच गावी जन्मले, हे सांगितले की बहुतेकांचे चेहरे कोरेच राहतात. मग मी कागद-पेन्सिल काढते. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१. असे करत नऊ एके शेजारी शेजारी मांडून त्यांचा वर्ग केला की येतो १२३४५६७८९८७६५४३२१. चढावे, माथ्यावर नऊला भेटावे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यावे! देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या या माणसाने असल्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले, तेही मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून.

हा कागद गेल्या पावसाळ्यात मला निराळ्याच कामी आला. तलासरीच्या एका शाळेत मी कारकुनी करते. एका वारली मुलीची शिष्यवृत्ती दोनदा परत गेली. तिचे वडील भिजत आले, की मी त्यांनाच सुनवायची, “दादा, नंबर नीट बघून का देत नाही?” ते पासबुक पिशवीत घालून मुकाट्याने परत जायचे. तिसऱ्या खेपेला मी ते पासबुक माझ्या यादीशेजारी धरले. पासबुकात शेवटी सात, यादीत शून्य. बाकीच्या मुलांची खाती अकरा आकड्यांची, हिचे तेवढे सोळा आकड्यांचे. मी तर सातच टाइप केला होता!

रात्री भाच्याला विचारले. तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. म्हणाला, “मावशी, तुझे कापरेकर दे बघू.” त्याने नऊ एक्यांचा वर्ग करायला सांगितला, तर यंत्राने उत्तर दिले १२३४५६७८९८७६५४३२०. उतरणीची शेवटची पायरीच गायब!

यंत्र एरवी एका संख्येला शून्य-एकाची चौसष्ट घरे देते, आणि त्यांतून नेमकेपणा मिळतो त्रेपन्न घरांपुरता. म्हणून ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे विषम संख्येला जागाच उरत नाही. तिला शेजारच्या सम संख्येच्या घरात ढकलले जाते. आपल्या जुन्या मोजणीत हे झाले नऊ अंत्य. परार्ध अजून दोन घरे लांब, आणि यंत्र आधीच दमले. माझा तक्ता तर त्याहून कंजूष. पंधरा आकडे ठेवायचे आणि पुढे नुसती शून्ये, तीही तोंडातून ब्र न काढता. मला राग आला तो या मुकेपणाचा. चुकले म्हणाला असता, तर मी त्या माणसाला बोलले नसते.

मग भाच्याने तोच वर्ग पायथनमध्ये पूर्णांक म्हणून करून दाखवला. तिथे मोठी संख्या तुकड्यातुकड्यांनी ठेवतात आणि आपल्यासारखा हातचा घेत पुढे जातात. शेवटचा एक बरोबर आला. “पण तुला हे नकोच,” तो म्हणाला. “खाते नंबराची तू बेरीज थोडीच करणार? रकान्याला आधी ‘मजकूर’ म्हणून सांग, मग टाइप कर.”

सोमवारी मी दादांना निरोप धाडून बोलावले, आधी माफी मागितली आणि खुर्ची दिली. मी पडद्यावरून एकेक आकडा वाचत होते, ते पासबुकावर अंगठा सरकवत होते. पंधरावा झाल्यावर मी जरा थांबले.

“सात,” तेच म्हणाले.