डीपीपासून मोटारीपर्यंत

पारनेर, पाथर्डी किंवा संगमनेरच्या पठारावर ज्यांच्या शेतीची सारी भिस्त बोअरच्या पाण्यावर आहे असे शेतकरी केबल घ्यावयास येतात, तेव्हा बहुधा एकाच माहितीच्या आधारावर निर्णय मागतात: "मिस्त्री, पाचची मोटार आहे, किती एमएमची केबल टाकू?" पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार पूर्ण भाराखाली सुमारे आठ अँपिअर प्रवाह घेते आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तो विनासायास पेलते, हे ध्यानी घेऊन दुकानदारही "अडीच" असे बिनदिक्कत सांगून मोकळा होतो, परंतु जळालेल्या मोटारी भरण्याच्या धंद्यात राहून माझे मत असे बनले आहे की, तार तापेल की नाही हा या व्यवहारातला दुय्यम प्रश्न असून, मोटारीपाशी व्होल्टेज किती पोहोचेल हाच मुख्य प्रश्न होय.

हिशेबच मांडू. डीपीपासून बोअर 300 मीटरवर आहे आणि मोटार आणखी 100 मीटर खोल सोडली आहे असे धरा. अडीचच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम असतो. या लांबीत आठ अँपिअरला जवळजवळ 35 व्होल्ट वाटेतच जिरतात. चारची केबल घातली तर ही घट 22 व्होल्टांवर येते, सहाची घातली तर 15 च्या आत. घट पाच टक्क्यांच्या, म्हणजे 415 व्होल्टांवर सुमारे 21 व्होल्टांच्या आत राखावी हा संकेत पाळावयाचा, तर चारची केबल थोडक्यात नापास होते. लांब पाइपलाइनला अरुंद पाइप घातला की टोकाला पाण्याचा जोर मरतो, हे ज्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही, त्याला केबलचा भाव ऐकताच मात्र याच न्यायाचा विसर पडतो!

त्यातून डीपीवर 415 व्होल्ट असतात, हे गृहीतच मुळी कागदावरचे. लाइट आली की शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपीवरच व्होल्टेज 380 पर्यंत उतरते. त्यातून केबलचे 35 वजा केले की मोटारीच्या वाट्याला 345 उरतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे तो मूळच्या सुमारे 69 टक्क्यांवर येतो, पाणी उचलण्याचे काम मात्र तसूभरही कमी होत नाही. मग ती प्रवाह अधिक ओढते, वाइंडिंग तापते आणि इन्शुलेशन करपते. सुरू होतानाची गोष्ट तर याहून बिकट, कारण त्या क्षणी प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असतो. स्टार्टर खडखडू लागला की लोक स्टार्टर बदलतात. केबलवर संशय घेणारा विरळा.

तारेची जाडी ठरविण्याचा एक अर्थशास्त्रीय नियम सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1881 साली मांडला: तांब्यात गुंतलेल्या रकमेचे वर्षाचे व्याज आणि वाटेत वाया जाणाऱ्या विजेची वर्षाची किंमत जिथे समान होते, ती जाडी किफायतशीर. आपल्या उदाहरणात अडीचची केबल केवळ स्वतः तापण्यात साडेपाचशे वॉटांहून अधिक वीज खाते. परंतु 2024 पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केल्यामुळे या तराजूचे एक पारडे शेतकऱ्याच्या दृष्टीने रिकामेच झाले, आणि बारीक केबल त्याला स्वस्त वाटू लागली, यात त्याचा दोष नाही. मात्र मोटार वर काढण्याची मजुरी, भरण्याचा खर्च आणि तोवर पाण्यावाचून उभा राहिलेला कांदा यांना कोणतीच माफी लागू नाही. माझ्या मते ऊर्जेचा जमाखर्च बाजूला ठेवला तरी एवढ्या लांबीला सहाचीच केबल घालणे शहाणपणाचे.

तेव्हा केबल घ्यावयास निघण्यापूर्वी डीपीपासून बोअरच्या तोंडापर्यंतचे आणि तिथून मोटारीपर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे, टेपने मोजून आणा, आणि शक्य तर लाइट आल्यावर पंप चालू असतानाचे व्होल्टेजही पाहून या.